अभ्यासकाचे ऋण

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली होती आणि आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याची नोंदवही चाळीत बसलो होतो. तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. एके काळी आमच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी ही मुलगी आता एका विद्यापीठात मानवशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात शिकते. लोकांमध्ये प्रत्यक्ष राहून त्यांची नातीगोती, चालीरीती, श्रद्धा आणि उपजीविका समजून घेणारे ते मानवशास्त्र. काही जण त्याला मानववंशशास्त्रही म्हणतात. त्या अभ्यासाचा भाग म्हणून ती गडचिरोली जिल्ह्यातील एका गोंड गावी दोन महिने राहून आली होती. गावाचे नाव आम्ही येथे देत नाही.

तिची अडचण अशी होती. दोन महिन्यांत तिने गावातील बहुतेक घरांच्या वंशावळी लिहून घेतल्या. जंगलातील कोणत्या डोहाला काय म्हणतात, कोणत्या घराने कोणत्या मोहाखाली फुले वेचायची, देवाचे ठाणे कोठे, सरपणासाठी जाण्याची वाट कोणती, हे सारे तिच्या वह्यांत उतरले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वनहक्क समितीचे एक वयस्कर सभासद तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा घेऊन आले. गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा पुराव्याअभावी परत आला होता. ते तिला म्हणाले, "पोरी, आमच्या आज्या-पणज्यांची नावं तुझ्या वहीत आहेत. आता हा दावाही तूच लिहून दे." तिला तिच्या प्राध्यापकांचे शब्द आठवले. त्यांनी निघतानाच बजावले होते की, तू तेथे शिकायला जाते आहेस, गावाचे खटले चालवायला नव्हे. विचारून सांगते, असे काहीतरी बोलून ती परत आली. "फादर, मी काय करायला हवं होतं?" एवढेच तिने आम्हांला विचारले.

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाभोवती आम्ही गेले वर्षभर घातलेल्या येरझारा आहेत.

प्राध्यापकांचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. विद्यार्थी गावात राहतो दोन महिने. गाव तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहायचे असते. दाव्याच्या सीमेवरून शेजारच्या गावाशी तंटा असेल, तर परका विद्यार्थी नकळत एका बाजूचा वकील होऊन बसतो. वनखात्याचा रोष ओढवला तर तो मागे राहणाऱ्यांवर कोसळतो, बसने निघून गेलेल्यावर नाही. शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही धोका आहेच. ज्याच्याकडून मदतीची आशा आहे, त्याला लोक खरे सांगतीलच असे नाही. त्याला जे आवडेल ते सांगतील. आम्हां धर्मगुरूंना हा अनुभव नवा नाही. पाहुणे फादर गावभेटीला आले की त्या दिवशी गावात कोणीच दारू पीत नसते!

तरीही, मी केवळ पाहणार आणि लिहिणार, माझ्या हाताने काही घडणार नाही, ही जी या शास्त्राची जुनी समजूत आहे ती नागपुरात बसून तरी आम्हांला पटत नाही. या शहराला या बाबतीत मोठा इतिहास आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण सारे जाणतो तेच हे हिस्लॉप. शाळा चालवता चालवता त्यांनी खडक तपासले, जीवाश्म गोळा केले आणि मध्य प्रांतातील आदिवासींविषयी टिपणे केली. १८६३ साली टाकळघाटजवळील शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाची दीर्घ गाथा त्या ग्रंथात आहे. ती गाणारा एक परधान होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आणि टेंपल यांची नावे आहेत, परधानाचे नाही. हिस्लॉप यांच्या निष्ठेविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि त्यांनी लिहिले नसते तर ती गाथा त्या रूपात आपल्यापर्यंत आली नसती, हेही खरे. परंतु देणाऱ्याच्या हातात काय पडले, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडावा असाच तो ग्रंथ वाटतो. पण सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून जाताना त्या पुलाला दिलेले गोवारी शहिदांचे नाव वाचावे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. वाद कशाचा? जमातींच्या सूचीत 'गोंड गोवारी' असा शब्द आहे. ते आम्हीच, असे गोवारी म्हणत होते. हा वाद न्यायालयात गेला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला. या साऱ्या वादात त्या जुन्या ग्रंथांतील नोंदी पुनःपुन्हा उघडल्या गेल्या. कोणा एका अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी कोणाला कोणत्या शीर्षकाखाली बसवले, त्यावर आज एखाद्या गोवारी मुलाचा वसतिगृहातला प्रवेश अडतो. लिहिणाऱ्यांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्यांनी केवळ लिहिले होते.

आमच्या मुलीच्या प्रकरणात तर कायदाच बोलतो. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याचे नियम २००८ च्या प्रारंभी आले. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची जी यादी त्या नियमांत आहे, तीत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत आणि रूढी-परंपरांविषयीचे संशोधनही आहे. असे संशोधन करणाऱ्या नामांकित संस्थेचे उदाहरण म्हणून नियमांत भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण या संस्थेचे नाव घातले आहे. या संस्थेचे मध्य भारताचे कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. संत चार्ल्स सेमिनरीमुळे ज्या टेकडीला नाव पडले, त्याच टेकडीवर! (आमचे स्वतःचे शिक्षण मात्र येथले नव्हे.) एका विद्यार्थिनीची वही म्हणजे काही त्या संस्थेचा अहवाल नव्हे, हे आम्हांला समजते. परंतु आज्या-पणज्यांची नावे, डोहांची नावे, वाटा आणि ठाणी ही तर पुराव्याचीच सामग्री झाली. ते वृद्ध गृहस्थ तिच्याकडे उपकार मागत नव्हते. त्यांनी दिलेली वस्तू तिच्यापाशी होती. ती गरजेच्या वेळी थोडी परत मागत होते.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९३ साली आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात होतो. समाजशास्त्राच्या तासिकेचा भाग म्हणून शहराबाहेरच्या वीटभट्टी कामगारांच्या वस्तीची पाहणी करायचे ठरले. आम्ही सहा जण होतो. चाळीसेक प्रश्नांचा तक्ता घेऊन आम्ही घरोघर गेलो: किती माणसे, किती मिळकत, पाणी कोठून आणता, कर्ज किती. मातीने हात भरलेली एक बाई सारी उत्तरे देऊन झाल्यावर म्हणाली, "काय बाबू, हे लिवलं म्हणजे नळ येईन का?" आम्ही म्हणालो, "पाहू." आमच्या अहवालाला चांगले गुण मिळाले. त्यात 'पिण्याच्या पाण्याची तीव्र टंचाई' असे एक शीर्षक होते आणि खाली एक आलेखही होता. त्या वस्तीत आम्ही पुन्हा पाऊल टाकले नाही. खोटे आम्ही बोललो नव्हतो. पण त्या 'पाहू'चा अर्थ तिने एक घेतला आणि आम्ही दुसरा, आणि तिने कोणता घेतला हे आम्हांला त्या क्षणीच कळले होते. पुष्कळ वर्षे पापनिवेदनास बसलेल्यांचे ऐकताना ही बाई आम्हांला आठवत आली आहे.

म्हणून, अभ्यासक्रमातच कृतीला स्थान असावे आणि तिचा पुढाकार विद्यार्थ्यांकडे असावा, असे जे म्हणतात त्यांच्या बाजूला आमचे मन आपोआप झुकते. हा विचार काही आजचा नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे काही विद्यार्थी आयोवा राज्यातील मेस्क्वाकी नावाच्या आदिवासींमध्ये क्षेत्रकार्यासाठी गेले. त्यांचे प्राध्यापक होते सोल टॅक्स. काही दिवसांतच विद्यार्थी अस्वस्थ झाले. हे लोक अडचणीत आहेत आणि आपण त्यांची नाती मोजत बसलो आहोत, हे त्यांना सहन होईना. आम्ही यांना मदत करू का, असे त्यांनी विचारले. टॅक्स यांनी 'नाही' म्हटले नाही. शिकणे आणि साहाय्य करणे ही दोन्ही उद्दिष्टे सारख्याच मोलाची, मात्र काय हवे ते त्या लोकांनीच ठरवायचे, असा दंडक त्यांनी घातला. त्यातून 'कृतिशील मानवशास्त्र' या नावाने ओळखली जाणारी वाट निघाली. दहा वर्षे ते काम चालले. मेस्क्वाकी मुलांसाठी महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या निघाल्या, हस्तकलेचा एक उद्योग उभा राहिला. फार मोठी क्रांती झाली नाही. परंतु शिष्यांनी विचारलेल्या प्रश्नाने गुरूचे शास्त्र बदलले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडची स्थिती आज निराळी आहे. येथे शिष्याने विचारायच्या आधीच वरून आज्ञा सुटते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली; वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर हा तिचा साचा. अलीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने समाजाशी संलग्नतेसाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आखून दिला आहे. हेतू चांगलाच आहे. पण प्रत्यक्षात काय होते ते आपली मुले सांगतात. सात दिवसांचे शिबिर असते, म्हणून सात दिवसांत संपेल असेच काम शोधले जाते. तेच देऊळ पुन्हा रंगते, त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लागते, समारोपाला सरपंचांचा सत्कार होतो आणि छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. ज्या कामाला गुण आहेत त्या कामाची गावाला गरज आहे की नाही, हे विचारण्याचे कोणाला कारणच उरत नाही. आणि गावाला 'नको' म्हणण्याची सोय असते का? आमच्या माहितीतल्या एकाही शिबिरात ती नव्हती. (आमच्या धर्मग्रामाच्या युवक मंडळाने घेतलेले शिबिरही त्यांत आलेच.)

जवळच्या सेवाग्रामला मात्र एक वेगळा पाठ पाहायला मिळतो. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची प्रथा आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थी पंधरा दिवस गावात मुक्काम करतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढील वर्षांत त्यांच्याकडे पुनःपुन्हा जावे लागते. पुन्हा जावे लागणे, हीच त्यातली मोलाची गोष्ट. वीटभट्टीवरच्या त्या बाईच्या घरी पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे हे ठाऊक असते, तर 'पाहू' हा शब्द आमच्या तोंडून इतक्या सहज निघाला नसता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. बेल्जियमचे कार्डिनल जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना दिलेली त्रिसूत्री आपल्या युवक चळवळींतून आपण सर्वांनीच पाठ केली आहे: पाहा, पारखा, कृती करा. परमगुरू तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात ती तरुणांना आवर्जून सांगितली. आम्हीही ती वर्षानुवर्षे शिकवली. परंतु या मुलीच्या प्रश्नाचा विचार करताना एक गोष्ट प्रथमच आमच्या ध्यानी आली. कार्डाइन यांचे तरुण स्वतः कामगार होते. कारखान्यात ते जे पाहत ते त्यांचे स्वतःचे जिणे होते. पारखणारे तेच आणि कृतीचे बरेवाईट फळ भोगणारेही तेच. नागपूरचा विद्यार्थी गडचिरोलीला जातो तेव्हा पाहणारा एक असतो आणि भोगणारा दुसरा. अशा वेळी ती मधली पायरी, पारखण्याची, कोणाची? आम्ही तिला नकळत पाहणाऱ्याच्या मालकीची करून टाकली होती. पाहणारा विद्यार्थी, पारखणारा विद्यार्थी, कृती करणारा विद्यार्थी. आणि गाव म्हणजे त्याचा फळा.

ही चूक केवळ विद्यार्थ्यांची नव्हे, थोरांचीही आहे. व्हेरियर एल्विन यांचे उदाहरण पाहा. ते अँग्लिकन धर्मगुरू म्हणून भारतात आले. १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये जाऊन राहिले. नागपूरच्या अँग्लिकन बिशपांनी परवाना नाकारला आणि पुढे ते चर्चपासून दूर झाले. त्याची चर्चा येथे नको. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाना काढला, बैगांवर ग्रंथ लिहिला. अभ्यास आणि सेवा यांत त्यांनी भिंत मानली नाही, म्हणून ते आम्हांला जवळचे वाटतात. परंतु आदिवासींना वेगळे राखावे की हिंदू समाजात सामावून घ्यावे यावर १९४३ च्या सुमारास त्यांचा आणि मुंबईच्या प्रा. गो. स. घुर्ये यांचा जो वाद झाला, तो आज वाचताना एक उणीव सतत जाणवते. दोघेही विद्वान, दोघांनाही कळकळ. पण ज्यांच्या भवितव्याचा निवाडा चालला आहे ते या चर्चेत कोठेच बोलताना दिसत नाहीत.

ते बोलू लागले म्हणजे काय होते हे पाहायचे असेल तर धानोरा तालुक्यातील मेंढा गावी जावे. मेंढा-लेखा या नावाने ते ओळखले जाते. सुमारे शंभर घरांचे हे गोंड गाव. १९८० च्या दशकात जंगल बचाव चळवळीच्या काळात देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती गावात विचार करू लागले. जयप्रकाशजींच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल त्यांना येऊन मिळाले. म्हणजे मुळात हीही विद्यार्थी चळवळीतूनच आलेली शिदोरी! त्यांनी एक साधी पण विलक्षण व्यवस्था बसवली. गावात दोन बैठका. एक अभ्यास गटाची: तीत बाहेरचा माणूस बसू शकतो, बोलू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, वाद घालू शकतो, पण तीत निर्णय होत नाही. दुसरी ग्रामसभेची: निर्णय तेथेच, तोही सर्वांच्या सहमतीने. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वत्र गाजली. या दोन बैठकांची गोष्ट तितकी गाजली नाही. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू स्वतःच्या परवान्याने विकण्याचा अधिकारही हाती आला. त्यामागे अभ्यास गटात घालवलेल्या कित्येक संध्याकाळी आहेत.

विद्यापीठाला आम्ही सुचवू ते एवढेच. कृती अभ्यासक्रमात जरूर आणा, विद्यार्थ्यांना पुढाकार घेऊ द्या; पण त्यांची जागा अभ्यास गटात आहे, ग्रामसभेत नव्हे, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवा. गुण द्यायचेच असतील तर विद्यार्थ्याने काय 'करून दाखवले' यावर देऊ नका. आपले टिपण त्याने गावापुढे वाचले का, गावाने त्यात काय दुरुस्त केले आणि ते त्याने मान्य केले का, हे विचारा. तरुणांचा उत्साह यामुळे मंदावेल, अशी तक्रार आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी केली. मंदावेल खरा. आमच्या मते तो थोडा मंदावलेलाच बरा.

ती मुलगी पावसाळ्यानंतर स्वतःच्या खर्चाने त्या गावी परत गेली. आमच्या सांगण्यावरून गेली असे नव्हे. आम्ही अजून येरझाराच घालीत होतो. गोटुलात गाव जमले. तिने आपल्या वह्या सकाळपासून दुपार टळेपर्यंत वाचून दाखवल्या. लोक हसले, दोन डोहांची नावे चुकली होती ती सुधारली, एका घराची एक पिढीच गळली होती ती भरून दिली. मग एका विधीविषयीचे तिचे दहा-बारा पानांचे टिपण आले. ते ऐकल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक आजी म्हणाल्या की, हे बाहेर जायला नको. ग्रामसभेने तसेच ठरवले. तिने ती पाने काढून त्यांच्या हाती दिली. तिच्या प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण त्यांवर उभे राहायचे होते. दावा तिने लिहिला नाही. गावातल्या शिकलेल्या दोन मुलांनी लिहिला, तिने वंशावळींच्या प्रती काढून दिल्या आणि कागद लावून दिले. प्राध्यापक रागावले नाहीत. त्यांना त्या प्रकरणाची हळहळ वाटली. प्रबंधाला अपेक्षेपेक्षा गुण कमी पडले.

दाव्याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. गावाने तिच्याकडे प्रबंधाची मराठी प्रत मागितली आहे आणि सध्या ती त्या कामात गुंतली आहे. परवा संध्याकाळी ती पुन्हा कचेरीत आली होती. प्रत्येक घराण्याला एक झाड किंवा प्राणी पूज्य असतो, त्याला इंग्रजीत टोटेम म्हणतात. मराठीत काय लिहू, असे तिने विचारले. आम्ही कपाटातून कोश काढला आणि मोठ्या अधिकाराने 'कुलचिन्ह' असा शब्द सुचवला, मग 'देवक' सुचवला. तिने दोन्ही लिहून घेतले, थोडा वेळ त्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "फादर, हे वाचून ते आजोबा हसतील. त्यांच्याकडे याला शब्द असणारच." आम्ही कोश मिटून ठेवला. पुढच्या शनिवारी ती जाणार आहे, तेव्हा तेथेच विचारील.